डिजिटल चिकटवही सुरू करायची आहे? सॉफ्टवेअर निवडण्याआधी या चार चाचण्या करा

‘स्क्रॅपबुक’ हा शब्द मराठी घरांत दोन वाटांनी आला. पहिली वाट शाळेच्या दप्तरातली. जाड रंगीत पानांची वही, डिंकाची बाटली आणि वर्तमानपत्रातून कापलेली चित्रं. तिला मराठीत चिकटवही म्हणतात. दुसरी वाट ऑर्कुटची. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर मित्रांनी निरोप लिहायच्या जागेचं नावच स्क्रॅपबुक होतं. ‘स्क्रॅप टाक’ हे त्या काळातल्या कॉलेजकुमारांचं रोजचं वाक्य होतं.

३० सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने ऑर्कुट बंद केलं. तिथले फोटो उतरवून घ्यायला सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत होती. ज्यांच्या लक्षात राहिलं त्यांनी घेतले, बाकीच्यांचे गेले. शाळेतली चिकटवही मात्र कित्येकांच्या माळ्यावर अजून पडून आहे.

संगणकावर किंवा मोबाइलवर चिकटवही करायची असेल तर सॉफ्टवेअर निवडताना हा फरक आठवावा. बहुतेक जण आधी स्टिकर किती, टेम्प्लेट किती आणि फुकट काय काय, ते पाहतात. खरं पाहायचं ते वेगळं आहे: आपलं पान त्या सॉफ्टवेअरमधून बाहेर कसं काढायचं आणि दहा वर्षांनी ते उघडेल का?

डिजिटल चिकटवही म्हणजे नेमकं काय?

फोटो, जुने कागद, तिकिटं, पत्रं आणि त्यांच्याविषयीचा मजकूर एका पानावर मांडून केलेली आठवणींची वही म्हणजे चिकटवही. डिजिटल चिकटवहीत डिंक-कात्रीचं काम सॉफ्टवेअर करतं. पानं पडद्यावर पाहता येतात, नातेवाइकांना पाठवता येतात आणि हवी तर छापून बांधूनही घेता येतात.

फोटोंचा अल्बम आणि चिकटवही यांत मुख्य फरक मजकुराचा आहे. अल्बममध्ये फोटो असतो. चिकटवहीत तो कुठला, कधीचा, त्यात कोण कोण आहे आणि त्या दिवशी काय झालं, हेही असतं.

कोपरखैरण्यासारख्या ठिकाणी हे काम तातडीचं का आहे?

नवी मुंबईतलं कोपरखैरणे घ्या. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित होऊ लागली. भातशेती, मिठागरं आणि खाडीतल्या मासेमारीवर जगणारी आगरी-कोळी गावं बघता बघता सेक्टरांच्या मधोमध आली. आज कोपरखैरण्यात गावठाण आहे आणि भोवती क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर. वाशीच्या बाजार समितीत काम करणारे माथाडी कामगार आणि त्यांची कुटुंबंही इथे मोठ्या संख्येने राहतात. त्यांतली अनेक सातारा, सांगली, पुणे अशा जिल्ह्यांतून आलेली. १९९२ मध्ये नवी मुंबई महापालिकेचा कारभार सुरू झाला. २००४ मध्ये ठाणे-वाशी रेल्वेमार्ग आला आणि स्टेशनभोवतीचा परिसर आणखी बदलला.

म्हणजे इथल्या एखाद्या घरातल्या जुन्या फोटोत मागे शेत दिसतं, त्या जागी आज इमारत उभी आहे. दुसऱ्या घरातल्या पेटीत साताऱ्याकडच्या गावच्या जत्रेचे फोटो असतात आणि घरातल्या नातवंडांनी ते गाव फक्त मे महिन्याच्या सुट्टीत पाहिलेलं असतं. दोन्ही घरांत अडचण एकच. फोटोतली माणसं ओळखणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे.

कागदी फोटोंचं वैरी हवामानही आहे. खाडीकाठची दमट हवा, पावसाळ्यात कपाटात धरणारी बुरशी आणि चिकट पानांवर प्लॅस्टिक असलेले अल्बम यांनी अनेक फोटो खराब होतात. २६ जुलै २००५ च्या पावसात, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तेव्हा, मुंबई परिसरातल्या कितीतरी तळमजल्यांच्या घरांतले अल्बम भिजले.

म्हणून सॉफ्टवेअर निवडण्यात महिने घालवू नयेत. खालच्या चार चाचण्या एका संध्याकाळी होतात.

चाचणी १ : मराठी अक्षरं

जगातली बरीच लोकप्रिय सॉफ्टवेअर आधी रोमन लिपीसाठी बनली. देवनागरीत वेलांटी आधी दिसते पण टाइप नंतर होते, रफार पुढच्या अक्षरावर चढतो, जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. हे जमवणारी यंत्रणा सॉफ्टवेअरमध्ये नसेल तर अक्षरं सुटी पडतात.

त्यासाठी हे वाक्य टाइप करून पाहा:

दुसऱ्या वर्षी श्रावणात कृष्णाकाका विठ्ठलाच्या दर्शनाला गेले आणि ज्ञानेश्वरी पेटीतच राहिली.

यात ‘ऱ्या’, रफार, ‘श्र’, ‘कृ’, ‘ष्ण’, ‘ठ्ठ’, ‘ज्ञ’ आणि ऱ्हस्व वेलांटी हे सगळं आहे. वाक्य पडद्यावर नीट दिसलं की पीडीएफ काढा आणि ती दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडा. काही वेळा पडद्यावर बरोबर असलेलं वाक्य पीडीएफमध्ये बिघडतं.

फॉन्ट युनिकोडच घ्यावा. डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षं वापरले गेलेले जुने फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे आहेत. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेले मुक्ता आणि बलू, तसेच नोटो देवनागरी आणि टिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट युनिकोड असून गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य मिळतात. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं हवी असतील तर टिरोची मराठी आवृत्ती पाहावी. मराठी छपाईतली वळणं लक्षात घेऊनच ती केलेली आहे.

चाचणी २ : पानाचा आकार

इन्स्टाग्रामवर टाकायचं उभं पान १०८० × १३५० पिक्सेलचं असलं तरी चालतं. छापायचं असेल तर हिशेब बदलतो. चांगल्या छपाईसाठी दर इंचाला ३०० पिक्सेल धरतात. त्यानुसार:

• ८ × ८ इंचांचं पान : २४०० × २४०० पिक्सेल
• ए-४ पान : २४८० × ३५०८ पिक्सेल
• १२ × १२ इंचांचं पान : ३६०० × ३६०० पिक्सेल

सॉफ्टवेअरच्या विनामूल्य आवृत्तीत हा आकार स्वतः भरता येतो का आणि पान त्याच आकारात बाहेर येतं का, हे पाहा. आकार नंतर वाढवला तर फोटो धूसर होतात. म्हणून सुरुवात मोठ्या पानानेच करावी. मोठं पान लहान करून समाजमाध्यमावर टाकता येतं, उलटं जमत नाही.

इथे व्हॉट्सॲपचा घोळ लक्षात ठेवावा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो साधारण १६०० पिक्सेल लांबीपर्यंत आक्रसतो. ३०० च्या हिशेबाने तो छापात सव्वापाच इंचांपर्यंतच चांगला दिसतो. मामाकडून लग्नाचे फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगितलं की मूळ फाइल जशीच्या तशी येते.

चाचणी ३ : बाहेर पडायची वाट

ही चाचणी सर्वांत महत्त्वाची. एक नमुना पान करून तीन गोष्टी तपासा.

• जेपीजी, पीएनजी आणि पीडीएफ यांपैकी किमान दोन प्रकारांत पान उतरवता येतं का?
• त्यावर कंपनीचं नाव किंवा जलचिन्ह उमटतं का?
• वर्गणी थांबवली तर जुनं पान उघडतं का, दुरुस्त करता येतं का?

पिकासा आठवतं? फोटो नीट लावायला आणि कोलाज करायला घरोघरी वापरलं जाणारं हे सॉफ्टवेअर गूगलने मार्च २०१६ मध्ये थांबवलं. ज्यांचे कोलाज साध्या जेपीजी फाइलमध्ये होते, त्यांचं काही बिघडलं नाही. विकत घेतलेलं सॉफ्टवेअरही कायमचं असेल असं नाही. ॲडोबीचं फोटोशॉप एलिमेंट्स एकदा घेतलं की आपलं, अशी पूर्वी पद्धत होती. २०२५ च्या आवृत्तीपासून त्याचा परवाना ३ वर्षांचा झाला. मुदत संपली की संपादनाचा भाग उघडत नाही.

चाचणी ४ : आठ दिवसांत पहिलं पान

सॉफ्टवेअर कितीही ताकदीचं असलं तरी ते शिकण्यात तीन महिने गेले आणि वही सुरूच झाली नाही, तर उपयोग काय? आठ दिवसांत एक पूर्ण पान झालं पाहिजे, आणि ते आजीला दाखवून ‘ही डावीकडची कोण?’ असं विचारता आलं पाहिजे. तेवढं जमत नसेल तर सोपं सॉफ्टवेअर घ्यावं. ताकदीचं सॉफ्टवेअर पुढच्या वर्षीही मिळेल.

कुणी काय निवडावं?

फक्त मोबाइल असेल तर : कॅनव्हा

ऑस्ट्रेलियातल्या या कंपनीच्या संस्थापकांचं पहिलं काम २००७ चं, शाळांची वार्षिकं बनवणारं सॉफ्टवेअर. कॅनव्हा २०१३ मध्ये आलं. म्हणजे आठवणींची पानं मांडणं हे त्याच्या मुळातच आहे. मोबाइल आणि संगणक दोन्हींवर चालतं, देवनागरी फॉन्ट आहेत, स्वतःचा आकार भरता येतो आणि पीडीएफ निघते. विनामूल्य खात्यात ५ जीबी जागा मिळते.

उणीव अशी की काम इंटरनेटवर, कंपनीच्या खात्यात राहतं. मुकुटाचं चिन्ह असलेली चित्रं वापरली तर पान उतरवताना पैसे मागितले जातात. म्हणून विनामूल्य चित्रंच वापरावीत आणि प्रत्येक पान पूर्ण झाल्या दिवशीच उतरवून ठेवावं.

लॅपटॉप आहे, पण नवं शिकायचं नाही : लिबरऑफिस इम्प्रेस, पॉवरपॉइंट किंवा गूगल स्लाइड्स

सादरीकरणाचं सॉफ्टवेअर चिकटवहीला उत्तम चालतं. स्लाइडचा आकार ३० × ३० सेंटिमीटर करा, एक स्लाइड म्हणजे एक पान. फोटो ओढून लावता येतात, तिरके करता येतात, मागे-पुढे करता येतात. ऑफिसात काम केलेल्या किंवा शाळेत संगणक शिकलेल्या माणसाला वेगळं काही शिकावं लागत नाही. लिबरऑफिस पूर्ण विनामूल्य आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं.

पॉवरपॉइंट फाइल जपताना फोटो आपोआप लहान करतं. फोटो लावण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करावं.

शिकायची हौस आहे, खर्च करायचा नाही : गिम्प, इंकस्केप, स्क्रायबस

गिम्प १९९६ पासून उपलब्ध असलेलं, सर्वांसाठी खुलं फोटो संपादन सॉफ्टवेअर आहे. पिवळे पडलेले फोटो उजळणं, चरे काढणं, कडा कापणं यासाठी ते चांगलं. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत फोटोवर केलेले परिणाम नंतर बदलता येतात, मूळ फोटो तसाच राहतो. इंकस्केप नक्षी आणि अक्षरांसाठी आहे. स्क्रायबस पुस्तकाची पानं लावण्यासाठी आहे. त्यात देवनागरी हवी असेल तर १.६ किंवा नंतरची आवृत्ती घ्यावी.

या सॉफ्टवेअरमध्ये ‘लेयर’ म्हणजे थर ही कल्पना समजून घ्यावी लागते. ताटात आधी केळीचं पान, वर भात, त्यावर वरण. खालचा थर न हलवता वरचा उचलता येतो, तसंच.

पैसे मोजायची तयारी असेल तर : फोटोशॉप

ताकदीत तोड नाही, पण नवशिक्याला बहुतेक वेळा त्याची गरज नसते. वर्गणी चालू ठेवावी लागते. मराठीसाठी त्याच्या जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडावा लागत असे, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडत. २०२४ मध्ये कॅनव्हाने विकत घेतलेलं अफिनिटी हा दुसरा पर्याय ऑक्टोबर २०२५ पासून विनामूल्य आहे. मात्र त्याच्या आधीच्या आवृत्त्यांत देवनागरी नीट जुळत नसे, म्हणून पहिली चाचणी करूनच पुढे जावं.

पहिलं पान कसं करावं?

१. एकच प्रसंग घ्या. ‘आमचं घराणं’ हा विषय पहिल्या पानाला फार मोठा. ‘कोपरखैरण्यातल्या खोलीची वास्तुशांत’, ‘बारसं’ किंवा ‘बाबांचा पहिला रेल्वे पास’ असे विषय सोपे जातात.

२. कागदी फोटो स्कॅन करा. लहान फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला तर दुप्पट मोठा छापता येतो. स्कॅनर नसेल तर गूगलचं फोटोस्कॅन हे ॲप चार कोपऱ्यांतून टिपून चकाकी कमी करतं. अल्बमच्या प्लॅस्टिकला चिकटलेला फोटो ओढू नये, जागेवरच टिपावा.

३. तीन ते पाच फोटो निवडा. एक मोठा, बाकीचे लहान.

४. फोटोखाली चार गोष्टी लिहा: कोण, कुठे, कधी आणि ही माहिती कुणी सांगितली. वर्ष नक्की नसेल तर ‘रेल्वे सुरू होण्याआधी’ किंवा ‘थोरलीच्या बारशाच्या वर्षी’ एवढं लिहिलं तरी पुढच्या पिढीला धागा मिळतो.

५. सजावट शेवटी. आधी मजकूर, मग फुलं-पानं.

जपून कसं ठेवावं?

प्रत्येक पानाच्या तीन फाइल ठेवाव्यात: दुरुस्तीसाठी मूळ फाइल, छापण्यासाठी पीडीएफ आणि पाहण्यासाठी जेपीजी. मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत. फाइलच्या नावात वर्ष आधी लिहिलं की सगळं क्रमाने लागतं, उदाहरणार्थ ‘१९८८-वास्तुशांत-पान१’.

प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. एक लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर किंवा गावच्या घरी. गूगलच्या विनामूल्य खात्याची १५ जीबी जागा फोटो, ईमेल आणि ड्राइव्ह मिळून आहे. १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात. शिवाय दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल हटवू शकतं. आजोबांच्या खात्यात फोटो असतील तर ते आधी उतरवून घ्यावेत.

सगळ्यांत टिकाऊ प्रत अजूनही छापलेली. वर्षाला दहा-बारा पानं झाली की एक पुस्तिका बांधून घ्यावी. छापायला देताना पानाच्या चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीची जागा ठेवावी, म्हणजे कापताना मजकूर जात नाही.

समाजमाध्यमावर टाकण्याआधी

जुने कागद सुंदर दिसतात, पण त्यांवर पत्ते, बँकेचे आणि ओळखपत्रांचे क्रमांक असतात. पान टाकण्याआधी ते झाका. लहान मुलांच्या फोटोवर पूर्ण नाव, शाळा आणि जन्मतारीख एकत्र लिहू नये. हयात नातेवाइकांना विचारून मगच त्यांचा फोटो टाकावा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लग्नाचे फोटो छायाचित्रकाराने काढले आहेत. ते वापरता येतील का?
१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. करार केला असेल तर तो वाचावा. गूगलवरून उचललेल्या चित्रांना ही सवलत नाही.

आधी सॉफ्टवेअर शिकावं की आधी स्कॅन करावं?
आधी स्कॅन. सॉफ्टवेअर बदलता येतं, बुरशी लागलेला फोटो परत येत नाही.

मधेच सॉफ्टवेअर बदललं तर आधीची पानं वाया जातात का?
जेपीजी आणि पीडीएफ काढून ठेवल्या असतील तर नाही. जुनी पानं तशीच राहतात, नवी पानं नव्या सॉफ्टवेअरमध्ये होतात. शाळेची चिकटवहीसुद्धा एकाच डिंकाने कुठे पूर्ण झाली होती?

थोडक्यात, मोबाइल असेल तर कॅनव्हा, लॅपटॉप असेल तर लिबरऑफिस इम्प्रेस, आणि हौस वाढली की गिम्प. निवड चुकली तरी हरकत नाही, पान बाहेर काढता आलं म्हणजे झालं. या रविवारी पेटीतला एक फोटो काढा, घरातल्या थोरल्या माणसाशेजारी बसा आणि त्यातली नावं लिहून घ्या. पान कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये करता येईल, पण ती नावं फक्त त्यांनाच माहीत आहेत.